न्याहारीचा ओटा

सुप्याच्या फाट्यावरून आत वळलं की चार किलोमीटरवर कळमकर वस्ती लागते. तिथल्या छबूबाईंनी एकसष्टी ओलांडली, त्याच वर्षी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली, खाली बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही. छबूबाईंनी मान डोलावली. पण मग जेवायचं कसं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

त्यांच्याकडे सगळे स्वयंपाकघरात फरशीवर पंगत धरून बसत. मुलाने, आदिनाथने, आईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, पण ती आत ठेवली की वावरायला जागा उरेना. म्हणून खुर्ची बाहेरच्या खोलीत, सोप्यात गेली आणि खुर्चीबरोबर छबूबाईही गेल्या. स्वयंपाकघर आणि सोपा यांच्यामध्ये चार इंची भिंत होती. पलीकडून नातीचं हसणं, भांड्यांचा आवाज ऐकू यायचा आणि इकडे छबूबाई मांडीवर ताट सावरत एकट्या जेवायच्या. यात कुणाचा दोष नव्हता. सकाळी तर तसाही कुणाचा कुणाला मेळ नसे. आदिनाथ कंपनीत, सून अश्विनी सुप्यातल्या लॅबमध्ये, नात ज्ञानेश्वरी शाळेत आणि नवरा कानिफनाथ डेअरीवर दूध घालायला. जो तो उभ्या उभ्या दोन घास खाऊन वाटेला लागायचा.

सहा महिन्यांनी तपासणीसाठी आदिनाथ आईला नगरला घेऊन गेला. येताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात दोघं चहाला थांबली. खालची टेबलं भरली होती. खिडकीला लागून छातीएवढ्या उंचीची एक फळी ठोकली होती आणि तिच्यापुढे उंच स्टुलं होती. छबूबाई जरा बिचकल्याच. मग त्यांनी फळीला हात टेकला, उभ्या उभ्याच स्टुलावर अंग टाकलं आणि त्या चकित झाल्या. गुडघा दुमडलाच नव्हता. चहा संपल्यावर त्या उठल्या त्याही कुणाचा हात न धरता. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. आदिनाथ गाडीची चावी हातात घेऊन बघतच राहिला. तोवर आईने वितीने फळीची उंची मोजायला घेतली होती.

घरी येईपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यात उभं राहिलं होतं. मधली भिंत कमरेच्या वरून कापायची. उरलेल्या भिंतीवर दगडाची फरशी टाकायची. आतल्या बाजूने सुनेने चहा-भाकरी पुढे सरकवायची आणि सोप्याच्या बाजूने सगळ्यांनी ओळीने बसायचं. अश्विनीने ते ऐकलं आणि मोबाईलवर तसल्या ओट्यांचे फोटो शोधून दाखवले. शहरात याला ब्रेकफास्ट काउंटर म्हणतात, असंही तिने सांगितलं. छबूबाईंनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि आपला बेत काही वेडगळ नाही, लोक असं खरंच बांधतात, याचा त्यांना फार आनंद झाला.

कानिफनाथांनी मात्र साफ नकार दिला. भिंत कापली तर वरचा स्लॅब खाली येईल, असं त्यांचं म्हणणं. छबूबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केली.

"अवो, ह्या भिंतीवर कायबी भार न्हाई. बीम तिकडून गेलाय, त्यो खांबावर बसलाय. ही नुसती आडोशाला हाय."

हे त्या अंदाजाने बोलत नव्हत्या. शेत कोरडवाहू. त्यामुळे सुप्याला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या तेव्हा त्यांनी अकरा वर्षं बांधकामावर घमेली वाहिली होती. डोक्यावर माल घेऊन शिडी चढताना बाई इकडे-तिकडे बघत नाही, पण छबूबाई बघायच्या. ओळंबा कसा सोडतात, पाण्याच्या नळीने पातळी कशी काढतात, हे त्यांनी कुणाला न विचारता नजरेनेच उचललं होतं. तिथेच त्यांची वैजनाथ मिस्त्रीशी ओळख झाली. तो तेव्हा नवखा गवंडी होता आणि छबूबाई त्याला माल द्यायच्या. आता तो वस्त्यावस्त्यांवर घरं बांधत फिरत होता.

वैजनाथला बोलावण्याआधी छबूबाईंना उंची पक्की करायची होती. अंगणात उरलेल्या विटांचा ढीग होता. त्यांनी विटांचे दोन खांब रचायला लावले आणि वर जुन्या दाराची फळी टाकली. बसायला दुधाच्या रिकाम्या किटल्या उपड्या घातल्या, त्यांच्यावर घड्या घातलेली पोती ठेवली. रविवारची न्याहारी तिथेच झाली. पोहे वाढले आणि सगळे ओळीने बसले. अकरा थरांवर ताट हनुवटीला येऊ लागलं. नऊ थर केले तर छबूबाईंचे गुडघे फळीला टेकले. दहावर त्यांचे कोपर आरामात फळीवर विसावले. छबूबाईंनी तिथल्या तिथे खडूने भिंतीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, दहा थर. कानिफनाथ आपले पोहे घेऊन लांब खाटेवर बसले होते, पण प्रत्येक थर चढताना-उतरताना त्यांची मान इकडे वळत होती.

सोमवारी वैजनाथ आला. छिन्नी-हातोड्याने भिंतीची पहिली वीट सुटली तेव्हा घरभर धूळ झाली आणि छबूबाई पदर नाकाला लावून तिथेच उभ्या राहिल्या. अश्विनीने त्यांना दोनदा बाहेर बसायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. दुपारपर्यंत साडेपाच फुटांचा उघडा भाग तयार झाला आणि सोप्याच्या खिडकीतलं ऊन थेट गॅसच्या शेगडीपर्यंत आलं. त्या घरात स्वयंपाक करताना दिवसाही दिवा लावावा लागे. छबूबाईंनी जाऊन दिवा बंद केला, मग पुन्हा लावून पाहिला आणि पुन्हा बंद केला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दोन फूट रुंदीची काळी ग्रॅनाइट फरशी आली. वैजनाथने ती भिंतीच्या मधोमध बसवायचं ठरवलं होतं, दोन्हीकडे दहा-दहा इंच बाहेर. तशा खुणाही त्याने करून ठेवल्या. छबूबाई सोप्याच्या बाजूने उभ्या राहून खुणांकडे बघत होत्या. त्यांनी स्टुलाच्या जागी एक किटली ओढली, तिच्यावर बसल्या आणि त्यांचा गुडघा सरळ भिंतीवर आपटला.

"वैजनाथ, दगड मधी न्हाई बसवायचा. आत पाच इंच ठेव, हिकडं सव्वा फूट येऊ दे. पाय कुठं घालायचे मान्सानं?"

"मावशे, एवढा बाहेर काढला तर कलंडंल की त्यो. कुनाच्या पायावर पडला म्हंजी?"

त्याचं खरंच होतं. कामाच्या ऐन भरात सगळं अडलं. चहा झाला. वैजनाथने तंबाखू मळली. मग छबूबाईंना कारखान्याच्या शेडमधले पाइप आठवले. जाडजूड पाइप भिंतीपासून हातभर लांबून गेलेले असायचे आणि त्यांना खालून लोखंडी अँगलचे तिकोनी टेकू दिलेले असायचे. त्यांनी खडूने फरशीवर तसला टेकू काढून दाखवला. वैजनाथ त्या चित्राकडे बघत राहिला, मग हसला. एवढी वर्षं माल देत होती ती मावशी नुसती माल देत नव्हती, असं तो म्हणाला आणि स्वतःच मोटरसायकलवर बसून सुप्याला वेल्डरकडे गेला.

तीन टेकू आले. ते बसवण्याआधीही छबूबाईंनी घरच्या सगळ्यांना किटल्यांवर बसवलं आणि प्रत्येकाचे गुडघे कुठे येतात तिथे खुणा केल्या. टेकू त्या खुणांच्या मधल्या जागेत भिंतीत पक्के केले. दोन दिवस सिमेंटला पाणी मारलं. मग वैजनाथ, आदिनाथ आणि वस्तीवरचे दोघं अशा चौघांनी फरशी उचलली. ती अलगद टेकूंवर ठेवली. वैजनाथने लेव्हल लावली, तरी त्यांनी चमचाभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी जागचं हललं नाही.

आता राहिली स्टुलं. ती विकत आणायला आदिनाथ निघाला, तेव्हा कानिफनाथांनी त्याला थांबवलं. गोठ्याच्या मागे बाभळीची वाळलेली खोडं पडली होती आणि त्यांचा हात सुतारकामाला बरा होता. आठवडाभर त्यांनी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. शेवटी स्टुलं बाहेर आली तेव्हा प्रत्येकाची उंची वेगळी होती. त्या रविवारी खाटेवरून त्यांनी प्रत्येकाचा अंदाज घेतला होता. ज्ञानेश्वरीचं स्टूल सगळ्यात उंच, त्याला चढायला दोन आडव्या पट्ट्या. छबूबाईंच्या स्टुलाला डावा पाय लांब करून टेकवता येईल अशी पट्टी जरा पुढे काढलेली.

"बसून बघ," एवढंच ते म्हणाले.

छबूबाई बसल्या. पाय पट्टीवर टेकला. त्या दोन्ही हात काळ्या दगडावर फिरवत राहिल्या.

पुढच्या सोमवारी सात वाजता पाचही जण घरात होते. कानिफनाथ डेअरीवर लवकर जाऊन आले होते. अश्विनीने तव्यावरचं पहिलं थालीपीठ उलथन्यावरूनच ओट्यापलीकडे सासूच्या ताटात टाकलं. छबूबाईंचा हात सवयीने ते दुसऱ्याच्या ताटात ढकलायला पुढे झाला.

"आई, ते तुमचं हाय. गरम हाय तवर खा," अश्विनी म्हणाली.

लग्नानंतर चाळीस वर्षं घरात सगळ्यांचं उरकल्यावर त्या जेवल्या होत्या. त्यांनी तुकडा मोडला, बोटं भाजली, आणि ठेच्याबरोबर तो खाल्ला. ज्ञानेश्वरी शाळेतली एक गोष्ट सांगत होती, आदिनाथ मध्येच तिची चूक काढत होता आणि कानिफनाथ दुसऱ्या चहासाठी कप पुढे सरकवत होते. अश्विनीनेही शेवटी गॅस बंद केला आणि आतल्या बाजूला उभी राहून दगडावर ताट ठेवून खाऊ लागली. आपण तिच्यासाठी स्टूलच केलं नाही, हे कानिफनाथांच्या तेव्हा लक्षात आलं. ते हात धुऊन तसेच गोठ्याकडे गेले.

त्या आठवड्यात वस्तीवरच्या बायका ओटा बघून गेल्या. शेजारच्या सुरेखाच्या सासूचेही गुडघे दुखत होते. सुरेखाने बराच वेळ ओट्याखाली वाकून टेकू पाहिले आणि तिच्या घरीही असं जमेल का, असं विचारलं. मधली भिंत कुठली, बीम कुठून गेलाय, हे तिला सांगता येईना. छबूबाईंनी चप्पल पायात सरकवली आणि मीच येऊन बघते म्हणाल्या. बांधावरून जाताना सुरेखाला त्यांच्याबरोबर राहण्यासाठी भराभर पावलं उचलावी लागत होती.