पोटातले कावळे

माझं पोट बोलतं. चारचौघांत बोलतं, आणि नेमकं तिथेच बोलतं जिथे सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. शाळेत प्रार्थनेनंतर आम्ही डोळे मिटून शांत बसायचो. अशा वेळी मागच्या बाकावर कुणी डबा उघडला, की माझ्या पोटातून बिजागरी करकरल्यासारखा लांबलचक आवाज निघायचा. मुली खाली माना घालून हसायच्या. मी पोटाशी दप्तर घट्ट धरायचे. त्याने आवाज थांबायचा तर नाहीच, उलट दबून आणखी चमत्कारिक निघायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी मात्र या आवाजाची वाट बघणारं एक माणूस होतं. माझे बाबा. आईने आमटीला फोडणी घातली की ते हातातला पेपर खाली ठेवत आणि माझ्याकडे कान लावत. आवाज आला की खूश. आपला पाट माझ्या पाटाला भिडवत आणि आईला हाक मारत, "झाले सुरू. वाढा आम्हा दोघांना." पाहुणे असले तरी हेच. घोटीला नात्यातल्या एका लग्नात तर मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत माझे कावळे ओरडले आणि बाबांनी कौतुकाने मागच्या रांगेला सांगितलं, "आमचीच आहे." मला त्या मांडवातून पळून जावंसं वाटलं.

त्यांना या आवाजाचं एवढं अप्रूप का, तर त्यांचे स्वतःचे कावळे उडून गेले होते. मी सातवीत असताना त्यांच्या अल्सरचं ऑपरेशन झालं. त्याआधी ते पट्टीचे खाणारे. पंचवटीत भाजी आणायला जात ते पिशवीबरोबर पोटही भरून येत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला सांगितलं, की पोटात अॅसिड कमी व्हावं म्हणून मेंदूकडून जठराकडे जाणारी नस कापली आहे. अल्सर गेला, त्याच्याबरोबर भूकही गेली. पुढे सगळा कारभार आईकडे आला. ती घड्याळ बघून म्हणायची, "जेवायची वेळ झाली हो." बाबा कचेरीत जावं तसे पाटावर येऊन बसत. ती "बास" म्हणाली की थांबत. दोन घास जास्त झाले तर अन्न तासन् तास पोटातच बसून राही, आणि गोड जास्त झालं तर घाम फुटून ते आडवे होत.

अकरावीत जीवशास्त्राच्या पुस्तकात मला हे सगळं सापडलं. परीक्षेच्या तयारीसाठी मी मोठ्याने वाचत होते. अन्न दिसलं, त्याचा वास आला, नुसती आठवण झाली, तरी मेंदू नसेवाटे जठराला निरोप धाडतो आणि पाचकरस पाझरू लागतो. घास आत उतरला, जठर ताणलं, की रस आणखी वाढतो, घुसळण सुरू होते. मग थोडं अन्न पुढे आतड्यात गेलं, की आतडं उलटा निरोप पाठवतं: आता हळू, मागचं आवरू दे. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझी लाइनच कापलीय. फोन चालू, घंटी बंद." मी हसले. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "एकदा तरी कडकडून भूक लागायला पाहिजे होती गं." मी पान उलटलं.

पुढे काही वर्षांनी बाबा झोपेतच गेले. दहाव्याला आम्ही गोदावरीच्या घाटावर होतो. मी एकुलती एक, म्हणून विधी काका करत होते. पिंड मांडला, सगळे हात जोडून मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते की, भिंतीवर ओळीने बसले होते. पण त्या घाटावर रोज किती पिंड पडतात. सकाळपासून खाऊन त्यांची पोटं तुडुंब झाली होती. एक खाली आला, मान तिरकी करून बघितलं आणि परत गेला.

"इच्छा राहिली असेल," आत्या म्हणाली. काका पिंडासमोर वाकून म्हणाले, "पोरीचं लग्न मी लावून देईन." कावळा आला नाही. "वहिनीला काही कमी पडू देणार नाही." तरी नाही. राहिलेली इच्छा मला ठाऊक होती. पण भुकेचं वचन कसं द्यायचं, आणि आता कुणाला द्यायचं?

तेवढ्यात पलीकडच्या गाडीवर कुणीतरी भजी तेलात सोडली. वारा आमच्याच बाजूला होता. वीसेक माणसं श्वास रोखून उभी, आणि त्या शांततेत माझं पोट बोललं. भिंतीवरचे कावळे मुके आणि माझ्या पोटातले बोंबलतायत. बापाचा पिंड उन्हात पडलेला असताना मला भज्यांची भूक लागावी याची इतकी लाज वाटली, की रडू आलं. लोकांना वाटलं बाबांसाठी रडतेय. आत्याला मात्र ऐकू आलं होतं. ती हळूच म्हणाली, "काय बाई तरी पोट." आई माझ्या शेजारीच होती. तिने वळूनही बघितलं नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

घरी पानं मांडली. आई जेवायला उठेना. सगळ्यांनी आग्रह केला. तिने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मला भूक लागलीय की नाही तेच कळत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांचीच वेळ बघत आले."

काकूने माझ्या भातावर वरण घातलं, वर तूप. गरम भातावर तूप विरघळलं, वास आला, आणि भरल्या पंगतीत माझं पोट पुन्हा बोललं, घाटावरच्यापेक्षाही मोठ्याने. सगळ्यांचे हात थांबले. मी पोटावर दोन्ही हात दाबले आणि मान खाली घातली.

पाट घासल्याचा आवाज झाला. आईने आपला पाट ओढत आणून माझ्या पाटाला भिडवला.

"झाले सुरू," ती म्हणाली. "वाढा आम्हा दोघींना."

मी मान वर केली नाही. पण जेवले, दोनदा भात मागून घेतला.