मावशीच्या दिरांनी दाखवलेला कवी

पेडणे तालुक्याच्या वाट्याला आलेली सगळी काळजी माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे आमच्या काकांनी, एकट्याने वाहिली, म्हणून आम्ही बाकीचे निर्धास्त राहिलो. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू जरा उशिरा वाजला, की ते अंगणात येऊन विचारत, "खंय काय झाला काय रे?" केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जाताना ते शर्टाच्या आत दोन सुके नारळ बांधत, बोट बुडालीच तर तरंगायला. एकदा गाठ सुटून ते नारळ बोटभर गडगडले. लोक पोट धरून हसले, पण काका पांढरेफटक पडले ते लाजेने नव्हे. आता तरंगायला काही उरलं नव्हतं!

अशा माणसाला शौक होता सिनेमे दाखवण्याचा. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं. रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहाला काळे पडदे लावून ते आमच्या फिल्म सोसायटीचा परदेशी सिनेमा लावत आणि आधी उभे राहून त्याची गोष्ट सांगत. गोवा राज्य होण्याच्या सुमाराची ती वर्षं, भाषेच्या भांडणाची. शुद्ध मराठी बोलावी तर डावीकडचे बाक उठणार, शुद्ध कोंकणी बोलावी तर उजवीकडचे. मग काका आम्ही घरात बोलतो तसं बोलत. त्यात काय कुठे संपतं आणि काय सुरू होतं हे कुणालाच सांगता येत नसे. तरी नंतर मला विचारत, "कोण उठान गेलो नाय मरे?"

एकदा त्यांनी एका कवीच्या आयुष्यावरचा सिनेमा मागवला. हा कवी लढाईवर गेलेला, खंदकात बसून कविता लिहिणारा; आणि त्याचं प्रेम होतं आपल्याच पलटणीतल्या एका मित्रावर. सोसायटीच्या अध्यक्षांना, म्हणजे गावातल्या एका बड्या व्यापाऱ्यांना, पणजीत कुणीतरी हे सांगितलं. ते तडक आले.

"मास्तर, तो भाग आयलो की मशिनीच्या भिंगार हात धरा. बायलमाणसां असतत."

"धरतंय," काका म्हणाले. त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सभागृह भरलं. मी प्रोजेक्टरपाशी काकांच्या शेजारीच उभा होतो. पडद्यावर ते दोघे एकमेकांजवळ आले तसा काकांनी हात उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात पाच बोटांची सावली उमटली. अध्यक्ष मागे वळून बघत होते. सावली तिथेच अडकली, आणि मग खाली गेली. कवीने मित्राच्या कपाळाचं चुंबन घेतलं. कुणी उठून गेलं नाही. नंतर तो कवी इस्पितळात झोपेत ओरडायला लागला, तेव्हा मांद्र्याची एक मासेवाली मोठ्याने म्हणाली, "अगे, त्याका कोणी तरी घराक व्हरा गे!"

शेवटचं रीळ चढवण्याआधीच अध्यक्षांनी दिवे लावले. "मास्तर, काय सांगल्लंय मी?"

"हात फुडे गेलोच नाय," काका म्हणाले. "काय करू?"

सभागृह आम्हाला पुन्हा मिळालं नाही. काका आता नोकरी जाणार, लोक दगड मारणार म्हणून दारं लावून बसले. कुणी दगड मारला नाही. उलट बाजारात त्या मासेवालीनेच त्यांना हटकलं. "मास्तर, त्या कवीचा मागीर काय झाला?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. "मित्र परत आयलो. दोघांनी दर्यार घर घेतला. म्हातारे होयसर थंयच रवले."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पाटीतल्या बांगड्यांवर पाणी मारू लागली.

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "काका, खरंच?"

"नाय रे. मित्र लढायेतच मेलो. हेणें मागीर लग्न केला, दारू धरली. कोणाकडे धड दोन शब्द उलयलो नाय."

"मग तिला असं का सांगितलंत?"

त्यांनी बाजाराची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "आमचो पण एक मिलिटरीत गेल्लो. आयलो नाय."

"कोण, काका?"

नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण समोरून ओळखीची माणसं येत होती. काकांनी त्यांची खुशाली विचारली. मी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आता तर काकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मांद्र्यात मात्र अजून कुणाकुणाला दर्यावर घर घेतलेल्या त्या दोघांची गोष्ट ठाऊक आहे, आणि ती खरी आहे असंच सगळे धरून चालतात.