काचेसारखा बर्फ

गेल्या रविवारी पहाटे पाचला टूनगॅबीत, मुलीकडे, हीटरपाशी बसून मी समुद्रापलीकडच्या न्यूझीलंडचा बर्फ बघत होतो... मोबाइलवर. रोजच बघतो. मी पाचला उठतो तेव्हा तिथे सात वाजलेले असतात, आणि डोंगरावरच्या हवामानाचा सकाळचा रिपोर्ट आलेला असतो.

माझा मुलगा सॅवियो तिकडे रुआपेहू नावाच्या डोंगरावर स्कीच्या लिफ्टचं मेंटेनन्स करतो. हा डोंगर म्हणजे जिवंत ज्वालामुखी. अंगावर हिमनद्या आणि डोक्यावर गरम पाण्याचं तळं... असं कुठे असतं का? पण आहे, आणि माझा मुलगा तिथेच जाऊन बसलाय.

त्याला बघून दीड वर्ष झालं. कोविडमुळे बंद असलेली दोन देशांमधली बॉर्डर मध्ये थोडे दिवस उघडली होती. तिकीट काढू, काढू म्हणेपर्यंत परत बंद झाली. माझंच चुकलं.

मी राहतो मुलीच्या घरामागच्या खोलीत. सँड्रा नर्स आहे, कोविड वॉर्डला ड्यूटी, म्हणून ती माझ्या खोलीत पाय ठेवत नाही. पायरीवर डबा ठेवते, खिडकीतून मास्कआडून दोन शब्द बोलते आणि शिफ्टला निघते. त्यानंतर दिवसभर मी आणि तो रिपोर्ट.

वारा किती, थंडी किती, पाऊस कुठल्या उंचीपर्यंत आणि बर्फ कुठून पुढे, कडा घसरून खाली यायची भीती किती... मी सातवी शिकलेला माणूस. पण आता ते इंग्लिश शब्द लांबूनच ओळखू येतात, जसा वाईट बातमी आणणारा नातेवाईक ओळखू येतो.

वाचलं की लगेच सॅवियोला मेसेज. वारा आहे, जाऊ नको. ढग आलेत, जपून. टोपी घाल. दिवसाला वीस-पंचवीस तरी व्हायचे. त्याचं उत्तर आधी दोन शब्दांचं यायचं, मग नुसता अंगठा, मग तोही नाही...

शेवटी सँड्रानेच खिडकीतून सांगितलं, "पप्पा, त्याने तुम्हाला म्यूट केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा मेसेज वाजतच नाही त्याच्याकडे. रोज उठून लांडगा आला रे आला केलं तर कोण ऐकणार?"

राग नाही आला. लाज वाटली. चार दिवस मी काही पाठवलं नाही. रिपोर्ट मात्र वाचत होतो... स्वतःलाच.

शनिवारी सँड्रा म्हणाली, "उद्या त्याला सुट्टी आहे. मित्राबरोबर वर तळ्यापर्यंत चढणार आहे. नो वरीज पप्पा, बुटांना लावायचे खिळे आहेत, बर्फाची कुऱ्हाड आहे, आणि वेदर मस्त आहे."

रविवारचा रिपोर्ट खरंच छान होता. वारा नाही, आभाळ निरभ्र. मी सुटकेचा निःश्वास सोडणार होतो, पण सवयीने आदल्या दिवसाचाही उघडला. शुक्रवारपासून शनिवार दुपारपर्यंत पार वरपर्यंत पाऊस पडला होता. त्यावर रात्रभर स्वच्छ आभाळ आणि कडाक्याची थंडी... म्हणजे ते सगळं पाणी रात्रभरात गोठलं असणार.

वसईला मी एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. मासेमारीच्या होड्यांसाठी लाद्या बनवायचो. पांढरा बर्फ भुसभुशीत, त्यात हवा असते, त्यात बर्फ फोडायचा टोचा छान रुततो. पाणी सावकाश गोठलं की मात्र बर्फ काचेसारखा होतो... त्यावरून टोचा सटकतो. असाच एकदा सटकला तो माझ्या डाव्या तळहातात घुसला. ती खूण बघतच सॅवियो मोठा झाला.

फोन लावला, लागला नाही. सँड्रा शिफ्टला. मग एकच मेसेज लिहिला. "जाऊ नको" खोडलं. "जपून" खोडलं. उरलं ते एवढंच... "आज वर पांढरा बर्फ नाही, काचेचा आहे." आणि खाली माझ्या तळहाताचा फोटो.

एकच टिक आली. नंतर कितीतरी वेळ एकच. रोझरी हातात घेतली, पण कितवा मणी तेच लक्षात राहीना. पायरीवरचा डबा तसाच गार झाला.

सव्वाअकराला मेसेज वाजला. फोटो होता... आरशासारखा चकाकणारा उतार, आणि त्यावर खिळ्यांचे नुसते ओरखडे.

खाली सॅवियोने लिहिलं होतं, "पप्पा, अर्ध्यातून परत आलो. खिळे धरत नव्हते, कुऱ्हाड मारली तर सटकली. मित्र म्हणाला, वर मऊ असेल, चल. मी म्हटलं, माझ्या बापाचा हात बघितला असतास तर असं बोलला नसतास. तुमचा मेसेज आत्ता खाली आल्यावर बघितला."

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे तो वर असताना माझा मेसेज पोचलाच नव्हता. माझे एवढे सगळे मेसेज गेले वाया, आणि हातावरच्या ज्या खुणेबद्दल मी त्याला कधी एक शब्द बोललो नव्हतो, तीच त्याच्याबरोबर वर गेली होती.

खोली तीच आहे, डबा अजून पायरीवरच येतो, बॉर्डर कधी उघडेल कुणालाच माहीत नाही. पण सोमवारपासून रोज सकाळी त्याचा एक मेसेज येतो, "पप्पा, आज बर्फ कसा आहे?"

तो स्वतः त्याच बर्फावर उभा असतो. त्याला माझ्याकडून काय कळायचं? तरी विचारतो... मग मी चष्मा पुसतो, रिपोर्ट दोनदा वाचतो आणि एकच मेसेज लिहितो. टोपीचं मनात येतं, पण लिहीत नाही.