नुसता जिंदाबाद

काल निगडीच्या बस स्टँडवर प्रचाराचा टेम्पो शेजारी येऊन थांबला आणि त्याच्या भोंग्यातून बाबांचा आवाज आला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मला एकदम प्राधिकरण वसाहतीतल्या एका रॉक गायकाच्या स्टुडिओचा वास आला, भिंतींना चिकटवलेल्या नव्या फोमचा.

हा गायक तरुणपणी बाबांच्या कंपनीच्या गेटवर गिटार घेऊन बेंबीच्या देठापासून गायचा. तोवर त्याचे केस पिकले होते आणि नव्या अल्बममध्ये तो समंजस झालाय, असं लोक म्हणत होते. कोरसला त्याने बाबांना आणि युनियनमधल्या चौघांना बोलावलं. शिफ्ट संपवून सगळे तसेच आले, कपड्यांना ऑइलचा वास घेऊन.

“काका, तुम्ही नुसतं जिंदाबाद म्हणा. आधीचं मी नंतर घालतो.”

बाबांनी हेडफोन काढला. “म्हंजे कुनाला जिंदाबाद म्हनतोय ते आमाला ठाव नको व्हय?”

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुझ्यावर हाय. ह्या मशिनीवर न्हाई.”

मी कोपऱ्यात चुळबुळत होतो. एवढ्याशा गोष्टीत कसला संशय घ्यायचा. शेवटी बाबांनी स्वतःच ‘कामगार एकजूट’ अशी हाक दिली, तेव्हा कुठे पाचही जणांचा जिंदाबाद निघाला.

अल्बममध्ये ती हाक कापलेली होती. तिच्या जागी गिटार होती, सुरेखच.

काल भोंग्यात त्या गिटारच्या जागी एका उमेदवाराचं नाव होतं. रेकॉर्डिंग गायकाने दिलं की कुणी परस्पर उचललं, कोण जाणे. तो काहीही सांगो, मला पटणार नाही. ज्याला बाबांनी जन्मात मत दिलं नसतं, त्याच्या नावाला बाबा भर चौकात ओ देत होते.