चारशे अकरा अपघातांचा चौक

...हां, तर पोरगी चौकात जाऊन उभी राहिली, इथवर काल आलो होतो. पण ती तिथे का गेली, ते सांगायचं राहूनच गेलं बघा.

आमच्या थोरल्या लेकीची ही मुलगी. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या, शेजाऱ्यांच्या शिंका, काय वाटेल ते मोजायची, म्हणून घरात नाव पडलं मोजणीबाई. मोठेपणी वर्तमानपत्रात लागली, तीही आकड्यांतून बातमी काढायच्या कामावर. पण तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर पक्की, नाहीतर घरी. अडीच महिने सरले तरी बाईसाहेबांची एक बातमी पास होईना. संपादक हाडाचे खडूस. "आकडे आहेत, बातमी कुठाय? वाचणारा 'काय सांगता!' म्हणाला पाहिजे," आणि कागद परत.

अशात तिला घबाड सापडलं. अपघातांच्या नोंदी चाळताना एकाच चौकाच्या नावावर वर्षात चारशे अकरा अपघात! दुसऱ्या नंबरच्या चौकात अवघे एकोणीस. संपादक खुर्चीतून उठलेच. "रविवारी पहिल्या पानावर!"

शनिवारी सकाळी फोटो काढायला मोजणीबाई तिथे गेली. तास झाला, दोन तास झाले, साधी सायकल घसरेना. कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसले होते.

"काका, इथे अपघात फार होतात ना?"

"इथे? एकवीस वर्षं बसतोय. एकदा एक म्हातारा पडला होता खरा. तो मीच."

समोरच हॉस्पिटलचं फाटक होतं, अपघातांच्या नोंदी तिथूनच यायच्या. आत नोंदणीच्या खिडकीवर विचारलं, तर कारकूनबाई थंडपणे म्हणाल्या, "अहो, अपघात कुठे झाला ते पेशंटला आणणाऱ्यालाच माहीत नसतं. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मग आम्ही आपला समोरचा चौक टाकतो."

झालं! झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी, असं क्षणभर तिच्या मनात आलंच, खोटं कशाला बोला. छापून जाऊ दे, कोण बघायला जातंय? पण पाय ऑफिसकडेच वळले. एका दमात सगळं ओकून टाकलं आणि मान खाली घालून उभी राहिली.

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाचलो गं! उद्या अख्खं शहर हसलं असतं आपल्याला." मग म्हणाले, "पण मग हे चारशे अकरा जण पडले तरी कुठे?"

"कुणालाच माहीत नाही, साहेब."

"कुणालाच? मग रस्ते दुरुस्त कुठले करतात?"

"तोच चौक. यंदा दोनदा केलाय."

"अगं, बातमी ही आहे! बस, लिही. आणि सोमवारी तुझे पक्के कागद घेऊन जा."

मोजणीबाई जिन्यातच फतकल मारून बसली. कितीतरी दिवसांनी श्वास पार खालपर्यंत गेला. तेवढ्यात आईचा फोन. "काय गं, नोकरीचं काय झालं? आणि उद्या बातमी येतेय ना?"

"पक्की झाले गं आई! आणि बातमीत मी एवढंच लिहितेय, की कुणालाच काही माहीत नाही. पण आकड्यांसकट हं!"