पट्ट्यातून सुटलेला निर्भय

तुम्ही कधी एखाद्या घाबरलेल्या जिवाला, त्याच्याच भल्यासाठी म्हणून, ओढत नेलं आहे का?

मी नेलं आहे. तेवढं आमच्या गावात, लोधिवलीत, सगळ्यांनी पाहिलं. त्यापुढचं मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तीन वर्षं झाली.

निर्भय आमच्याकडे आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. जर्मन शेफर्ड. कळंबच्या एका बंगलेवाल्यांना तो नकोसा झाला होता — राखणीला आणलेला कुत्रा कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली शिरतो म्हटल्यावर कोण ठेवणार? अंगात जोर मात्र मावत नव्हता. सकाळी सुटला की घराभोवती वीस फेऱ्या, दोरीवरचा टॉवेल पळव, माझी चप्पल कुरतड — आणि कुणी छत्री उघडली की तिथल्या तिथे जमिनीला चिकटला. नाव मीच ठेवलं. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबांच्या सभांची पत्रकं वाटत मी मोठी झाले, आता स्वतः लिहिते. भीतीला भिडायचं असतं, हे मला अक्षरओळखीबरोबरच शिकवलेलं. मग कुत्र्याला वेगळा नियम का?

रोज सकाळी मी त्याला जुन्या हायवेवर न्यायचे. पट्टा आखूड धरून, ट्रक जातात तिथे, अगदी कडेला. तो खाली बसायचा, थरथरायचा. मी ओढायचे. आठवड्याभरात त्याच्या मानेवरचे केस गेले — ते मला दिसलं होतं, हेही लिहून ठेवते.

शेजारी इस्माईलचाचा राहतात. रस्त्याला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान उघडायच्या आधी ते आमच्या पायरीवर येऊन बसायचे. लाळ लागली तर नमाजाआधी कपडे बदलावे लागतात, म्हणून ते निर्भयला कधी हात लावत नसत. त्याच्याकडे बघतही नसत. पाठ करून बसायचे आणि भाकरीचा तुकडा मागे टाकायचे. आणि तो — साऱ्या जगाला भिणारा तो — सरकत सरकत त्यांच्यापासून वीतभरावर येऊन झोपायचा.

"ओढू नको गं त्याला," चाचा म्हणायचे. "लांबून बगू दे. तू ओढतेस म्हणून त्यो मागं जातो."

"चाचा, तुमी तर त्याला हातपण लावत नाय!"

"म्हणून तर माज्याकडं येतो. तुज्याकडं येतो का?"

मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

त्या दिवशीही चाचा बसून गेले. जाताना नेहमीसारखी गेटची कडी लावली — मी पाहिली. मग मीच निर्भयला घेऊन निघाले; त्या दिवशी वाटेत कुणी भेटलं नाही. हायवेवर एका ट्रकचं टायर फुटलं. निर्भयने मागे हिसका दिला, मान पट्ट्यातून निसटली, आणि बघता बघता तो शेतातून दिसेनासा झाला. मी धावले, हाका मारल्या, दमले. शेवटी रिकामा पट्टा पिशवीत कोंबून घरी आले. तेवढ्यात आई चौक गावच्या बाजारातून आली. "निर्भय कुठाय? आणि गेट कुणी उघडं टाकलंय?"

गेट मी उघडं टाकलं होतं, आत्ताच. आणि मी — कसं सांगू — मी म्हणाले, "मी आज नेलंच नाय त्याला. चाचा आले होते ना सकाळी."

एवढंच. पण दुपारपर्यंत आळीने ते वाक्य पुरं केलं. "त्यांना कुत्रं चालतंय कुठं? मुद्दाम सोडला आसंल." मी तिथेच उभी होते. माणसाला त्याच्या धर्मावरून तोलू नका, असं सांगणारं माझं पत्रक त्याच घरांत वाटून आठवडाही झाला नव्हता. मी काय केलं? मान खाली घातली. बायकांना वाटलं, मी रडते आहे.

चाचांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. स्कूटरवरून चौकपर्यंतचे ढाबे, गॅरेजं, सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाजाहून परतताना रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाइपात त्यांना तो दिसला, एक पाय दुखावलेला. चाचांनी हाक मारली नाही. पाइपाकडे पाठ करून दोन तास उन्हात बसून राहिले. तो आपण होऊन बाहेर आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. शुक्रवारचे पांढरे कपडे, चिखल, लाळ — चाचांनी त्याला तसाच उचलला. पहिल्यांदाच.

हे सगळं त्यांनी नंतर आईला सांगितलं. गेटपाशी त्याला माझ्या हातात देताना मला एवढंच म्हणाले, "कडी लावली होती गं मी. लावली होती आसं वाटतंय... वय झालं आता. माजंच चुकलं आसंल."

तेव्हा तरी मी बोलले का? नाही.

चाचा त्यानंतर आमच्या पायरीवर बसले नाहीत. दुकान बंद केलं की कुलूप तीन-तीनदा ओढून पाहतात, दहा पावलं जाऊन पुन्हा परत येतात. स्वतःवरचा भरवसा मी त्यांच्याकडून काढून घेतला — आणि त्यांची रीत मात्र उचलली. पट्टा सैल. रस्ता लांबून. त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, तो येईल तेव्हा येईल. वर्षभरात निर्भय हायवेच्या कडेने माझ्या बरोबरीने चालायला लागला. लोक म्हणतात, पोरीनं कुत्रा काय तयार केलाय! दुरून विचारायला येतात. मी सगळं समजावून सांगते. चाचांचं नाव घेत नाही.

हे पत्रक तुमच्या हातात पडेल त्याआधी मी त्यांना सांगितलेलं असेल. ते लगेच माफ करतील, चहा सांगतील, विषय बदलतील. त्याने माझं ओझं उतरेल, त्यांचं नाही. म्हणून माझं राहू द्या. पण चाचांनी कुत्रा सोडला ही गोष्ट ज्यांनी ऐकली, मान डोलावली, पुढे सांगितली — त्यांनी एक करा. त्यांच्या दुकानाशी थांबा, चार माणसं असताना, आणि मोठ्याने सांगा: चाचा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं.