चौदा नंबरचा कंदील

ताईंनी पिशवीतून खोकं काढलं आणि माझ्या कीबोर्डच्या बाजूला ठेवलं. आत आमच्याच संस्थेने वाटलेला सौर कंदील होता. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती.

"हे घ्या तुमचं," त्या म्हणाल्या. "अन् मले आता सांगा, हा माह्या दिराच्या घरी काऊन गेला?"

ताई म्हणजे हिंगणघाटच्या पुढे, वेणा नदीच्या काठी असलेल्या एका गावातल्या आमच्या कार्यकर्त्या. चाळिशी ओलांडलेल्या, त्या गावात सून म्हणून आलेल्या आणि आता गावच्याच झालेल्या. दोन एस.टी. बदलून त्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या ऑफिसात आल्या होत्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

मी त्या वेळी संस्थेत नवीन होते. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. माझं शिक्षण हिंगणघाटच्या शाळेत आणि पुढे वर्ध्याच्या कॉलेजात झालं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. संख्याशास्त्र घेतलं तेव्हा आई शेजारणीला सांगायची, "गिनतीचं शिकून राह्यली," आणि शेजारीण विचारायची, "अजून गिनतीच?" नोकरी लागली तेव्हा आईने त्याच शेजारणीला आधी पेढा दिला.

संस्थेचे सर निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मला एका सीडीवरून 'आर' नावाची आकडेवारीची प्रणाली कम्प्युटरवर टाकून दिली. फुकट मिळणारी, पण खिडक्या-बटणं नसलेली. काळ्या अक्षरात आज्ञा लिहायची आणि उत्तराची वाट पाहायची. पहिला आठवडा मी रोज तिला घाबरत होते. मग एक दिवस तिने माझी सरासरी बरोबर काढून दिली आणि आमची गट्टी जमली. मला शिकवणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. सर म्हणायचे, "तू चुकत जा, यंत्र काही रागावत नाही." एवढी मोकळीक देणारा माणूस पहिल्याच नोकरीत भेटला, हे माझं नशीबच.

कंदिलाची गोष्ट अशी होती. वीज नसलेल्या घरांत किती रॉकेल जळतं याचा आम्ही अभ्यास करत होतो. ताईंच्या गावात पाच मोहल्ले. प्रत्येक मोहल्ल्यात वीज नसलेल्या घरांपैकी एका घराला सौर कंदील द्यायचा आणि पुढे वर्षभर तिथली नोंद ठेवायची असं ठरलं. कंदील थोडे होते, म्हणून निवड चिठ्ठीनेच करायची. पण त्या गावात चिठ्ठीचं नाव काढायची सोय नव्हती. मागे एकदा शिलाई मशीनसाठी चिठ्ठ्या काढल्या होत्या, आणि निघालेल्या चिठ्ठीचा कोपरा आधीच दुमडलेला होता की नव्हता, यावरून दोन मोहल्ल्यांमध्ये अबोला धरला गेला होता. एकमेकांच्या घरचं हळदी-कुंकूसुद्धा बंद.

म्हणून या वेळी सरांनी गावच्या सभेत सांगितलं, की चिठ्ठी कम्प्युटर काढेल. वर ते असंही म्हणाले, "कम्प्युटरला सोयरे नसतात." लोकांना ते पटलं. त्यातही संशय नको म्हणून गावाने स्वतःच एक आकडा द्यायचा आणि तो मी कम्प्युटरला सुरुवातीचा आकडा म्हणून द्यायचा, असं ठरलं. एकच सुरुवातीचा आकडा दिला की निवड दर वेळी तीच येते, त्यामुळे कोणीही पडताळून पाहू शकतं. माजी सरपंचांनी सत्तावीस सांगितला. मी सत्तावीस टाकला, यादीतून निवड करणारं 'सॅम्पल' नावाचं फंक्शन चालवलं आणि पाच मोहल्ल्यांचे पाच घर-नंबर छापून जीपबरोबर पाठवले. संस्थेचा नियम कडक होता: छापून आलेल्यात कोणी हाताने बदल करायचा नाही, आधी पाहायचंही नाही, सभेतच वाचायचं.

ताईंनी ते चावडीसमोर वाचलं. चार मोहल्ले सुरळीत गेले. पाचव्याला त्यांनी वाचलं, "घर नंबर सहा." पहिल्यांदा लोक हसले. सहा नंबर म्हणजे ताईंच्या धाकट्या दिराचं घर, आणि त्या घराच्या ओसरीत ट्यूबलाइट लखलखत होती. मग हसणं थांबलं.

"साहेब म्हणे कम्प्युटरले सोयरे नाईत," माजी सरपंच म्हणाले. "मंग सूनबाईचा दीर कोठून आला?"

हे सगळं ताईंनी मला एका दमात सांगितलं. मग त्यांनी पाणी घेतलं.

सर आतल्या खोलीतून बाहेर आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, टायपिंगची चूक झाली असं सांगू. खऱ्या घराला कंदील देऊन टाकू."

"नाई जी," ताई म्हणाल्या. "टायपिंगची चूक म्हटलं तर लोक म्हणतीन, ताईनंच टाइप करवून घेतलं. कंदील कोणाच्या घरी बी जाऊ द्या. माह्यं नाव कोण नीट करते? आठ वर्षं झाले, लोकाच्या चुलीपर्यंत जाऊन विचारतो मी. आता कोणाच्या दारात उभी राहू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "काऊन झालं हे समजलं तर सांगा. नाई समजलं तर मी सोमवारपासून येत नाई. दुसरी पाहा."

रविवारी गावात सभा होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई, मला आजचा दिवस द्या." त्या खुर्ची ओढून तिथेच बसल्या. जायचं त्यांच्या मनात नव्हतं.

मी आधी माझ्यावरच संशय घेतला. पाचव्या मोहल्ल्याची यादी उघडली. त्या मोहल्ल्यात जवळजवळ सगळ्यांकडे वीज होती. नव्हती ती फक्त एका घरी, नंबर चौदा. तिथे एक शिंपी राहायचा. यादीत सहा नंबर कुठेच नव्हता. म्हणजे यादी बरोबर होती.

मग सत्तावीस टाकून पुन्हा चालवलं. पुन्हा सहा.

"पाहा, अजून तेच म्हणते," ताई मागून म्हणाल्या. "हट्टीच दिसते."

सुरुवातीचा आकडा बदलला. अकरा आलं. अकराही यादीत नव्हता. एकच नाव असलेल्या यादीतून एक नाव काढायला सांगितलं, तर यंत्र तिसऱ्याच कोणाचं नाव घेत होतं. पुन्हा चालवलं, तीन. पुन्हा, नऊ. एकदा तर बरोबर चौदाही आलं, आणि त्याने मी जास्तच गोंधळले. नेहमी चुकणारं यंत्र समजून घेता येतं. अधूनमधून बरोबर येणारं फार त्रास देतं.

दुपारी वीज गेली. त्या काळात ती रोजच जायची. यूपीएस पीं-पीं करायला लागला, तसं घाईघाईने सगळं साठवून मी कम्प्युटर बंद केला. ताईंनी डबा उघडला. भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या अजून रागावलेल्या होत्या, पण मला त्यांनी पहिला घास घ्यायला लावला. "उपाशी डोक्यानं कायले सापडते," असं म्हणाल्या.

जेवता जेवता मी कागदावर आलेले आकडे लिहीत होते. सहा, अकरा, तीन, नऊ, चौदा, एक, बारा. लिहिताना लक्षात आलं, की यातला एकही चौदाच्या वर नाही. त्या मोहल्ल्यात घरं तर चाळीसच्या आसपास होती. मग एकोणतीस का येत नाही? पस्तीस का येत नाही?

वीज आली तशी मी धावले. यादीत चौदाच्या जागी नुसता पाच टाकला आणि पुन्हा पुन्हा चालवलं. दोन, पाच, एक, चार. पाचच्या वर काही नाही. तीन टाकला. तीनच्या वर काही नाही. यंत्र भरकटलेलं नव्हतं. ते काहीतरी नियमाने करत होतं आणि तो नियम मला दिसायला लागला होता.

मग मदतीचं पान उघडलं. ते मी पूर्वीही वाचलं होतं, पण माझं इंग्रजी वाचन असं होतं, की कळलेल्या ओळींवर थांबायचं आणि न कळलेल्या ओलांडून जायच्या. या वेळी शाळेतल्या बाईंनी बक्षीस दिलेला शब्दकोश मांडीवर घेतला आणि एकही ओळ सोडली नाही. मधल्या एका परिच्छेदात ते सरळ लिहिलेलं होतं. फंक्शनला पुष्कळ आकडे दिले, तर ते त्यांतून निवडतं. पण एकच आकडा दिला, तर ते समजतं की एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांतून निवडायचं आहे. लिहिणाऱ्यांनी ते वापरणाऱ्याच्या सोयीसाठी केलं होतं.

"सर!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की ताई उठून उभ्या राहिल्या.

सरांनी स्वतः कीबोर्ड ओढून घेतला. तीन टाकून पाहिलं, सात टाकून पाहिलं, पुन्हा तीन. लहान मुलासारखं चाललं होतं त्यांचं. मग चष्मा काढून म्हणाले, "बिघाड नाहीच हा. त्याला जसं सांगितलंय तसंच करतंय. एवढ्या वर्षांत मला नव्हतं माहीत."

उपाय अगदी छोटा निघाला. कम्प्युटरला घराचा नंबर द्यायचाच नाही. यादीत कितव्या जागी असलेलं घर घ्यायचं, एवढंच विचारायचं आणि त्या जागेवरचं घर आपण उचलायचं. यादीत एकच घर असेल तर जागाही एकच, पहिली. मी तसं लिहून चालवलं. चौदा. सुरुवातीचा आकडा कितीही बदलला, चौदाच.

"हे सगळं ठीक हाय," ताई म्हणाल्या, "पण हे तुम्ही माजी सरपंचाले सांगून पाहा बरं. परिच्छेद म्हणे, फंक्शन म्हणे."

रविवारी मी आणि सर कंदिलाचं खोकं घेऊन जीपने गेलो. मी घरून आईचा पितळी डबा आणि कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या नेल्या होत्या. चावडीसमोर सगळे बसले होते. ताई बायकांमध्ये, पण जरा बाजूला. त्यांच्या दोन्हीकडे जागा मोकळी होती. ते पाहून माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

मी डब्यात पहिल्या मोहल्ल्याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हटलं, "इथे पुष्कळ चिठ्ठ्या आहेत. कम्प्युटरने यातली एक उचलली. बरोबर केलं." मग डबा रिकामा करून एकच चिठ्ठी टाकली, चौदा नंबरची. "इथे एकच होती. कम्प्युटरला वाटलं, ही चिठ्ठी नाहीच, चौदा चिठ्ठ्या करा असं कोणीतरी लिहून दिलंय. म्हणून त्याने स्वतःच एक ते चौदा अशा चिठ्ठ्या केल्या, आणि त्यातली सहा उचलली."

माजी सरपंच म्हणाले, "एवढा शिकेल, अन् एक चिठ्ठी समजली नाई त्याले?"

हशा पिकला. पण म्हातारा पक्का होता. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मंग बाकीच्या चार मोहल्ल्याचं बी चुकलं असन?"

हा प्रश्न मला आवडला. मी तो आधीच स्वतःला विचारला होता. मी म्हटलं, "बाकी चारांत एकाहून जास्त घरं होती, म्हणून तिथे चूक होत नाही. तरी पाहिलंय. चारही घरं त्यांच्या त्यांच्या यादीत आहेत, आणि तुमचा सत्तावीस टाकला की अजूनही तीच येतात. सोमवारी ऑफिसात या, तुमच्या हाताने टाका."

"मले नाई येत बापा ते बटन दाबणं," ते म्हणाले.

तेवढ्यात बायकांतून ताईंचा आवाज आला. "आमच्या बिशीत शेवटची चिठ्ठी राह्यली का आमी काढतच नाई. तिचं तिले देऊन टाकतो. एकच हाय तर डबा कायले हालवाचा?"

"ते तुले समजते सूनबाई, त्या डब्ब्याले नाई समजत," माजी सरपंच म्हणाले आणि मागे वळून ताईंच्या जावेला ओरडले, "काऊन वं, चहा मांड ना! ट्यूबलाइट जळते तुह्या घरी, चूल बी जळत असन!"

गावात एवढ्याने पुरतं. माफी कोणी मागितली नाही, पण चहा ताईंच्या दिराच्या घरून आला, सगळ्यांनी घेतला, आणि ताईंच्या शेजारच्या मोकळ्या जागा कधी भरल्या ते मला कळलंसुद्धा नाही.

पुढे पुष्कळ वर्षं मी हेच काम केलं. मोठ्या यादीवर फंक्शन चालवून पाहिलं, की आजही मी त्याला मुद्दाम एकच आकडा देऊन बघते. नवीन मुलं विचारतात, एवढं कशाला? मी त्यांना पितळी डब्याची गोष्ट सांगते. ती मदतीच्या पानापेक्षा लवकर कळते.

त्या रविवारी संध्याकाळी निघताना आम्ही ताईंबरोबर चौदा नंबरला गेलो. शिंपी मशीनवर वाकून चिमणीच्या उजेडात ब्लाउजला काज करत होता. ताईंनी खोक्याची चिकटपट्टी स्वतःच्या हाताने सोडवली आणि कंदील मशीनशेजारी ठेवून लावला. पांढरा उजेड थेट सुईवर पडला.

शिंप्याने एकदा कंदिलाकडे, एकदा ताईंकडे पाहिलं. "हा तुमी देल्ला का कम्प्युटरनं?"

"कोणीच नाई," ताई म्हणाल्या. "तुमचाच होता. मधात जरा फिरून आला." मग बाहेर येऊन जीपमध्ये चढणाऱ्या मला त्यांनी हाक मारली, "सोमवारी नोंदीचे कागद जास्तीचे आणजो वं. मागच्या खेपेले कमी पडले होते."